हिसाकोबाईचं राहिलेलं गाणं

हिसाकोबाईचा व्हिडिओ तुम्ही बघितला असणार. नाकात नथ, खांद्यावर शेला, मागं गणपती, आणि एक जपानी म्हातारी आपलं मराठी भक्तिगीत म्हणते आहे. माझ्या भाच्यानं तो इचलकरंजीहून मलाच पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, तुमच्या न्यूझीलंडची बाई बघा, किती गोड." गोड! तिला तोंडावर कुणी गोड म्हटलं असतं तर तिनं त्याला फाटकाबाहेर घालवलं असतं. त्या व्हिडिओत दिसते ती हिसाकोबाई नव्हे, म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं येईल, गोष्ट सरळ येईल.

ती आमची शेजारीण. हॅमिल्टनला आमचा रस्ता नदीकडं उतरत जातो. त्यातलं शेवटचं घर तिचं, अलीकडचं माझ्या मुलाचं, संदीपचं. बायको गेल्यावर संदीपनं मला इकडं आणलं. आलो, पण मी कुणाच्या उपकारात राहणारा माणूस नव्हे. भांडी मी घासतो, गवत मी कापतो. जन्म यंत्रमागावर गेला. मागाच्या खडखडाटानं कान गेले. संदीपनं कानात घालायचं मशीन घेऊन दिलं आहे. ते लावलं की फ्रिज ऐकू येतो, माणूस ऐकू येत नाही. म्हणून मी ते खिशात ठेवतो.

तर कान असे, आणि जुलैमधली सकाळ. इथल्या थंडीत नदीवर धुकं बसतं ते दुपारपर्यंत उठत नाही. मी काठाकाठानं चाललो होतो आणि मला आवाज आला. मशीन खिशात, तरी आला. कानात नव्हे, छातीत आला. माग सुरू झाला की जमिनीतून पायात येतो तसा. पुढं गेलो तर ही उभी. लाकडी पायऱ्यांवर, पाण्याकडं तोंड करून. अंगठा वेगळा असलेले पांढरे मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. अशा गारठ्यात जँडल्स! उजव्या हाताचा तळवा तोंडासमोर, वीतभर लांब धरलेला. गाणं संपलं तशा मी टाळ्या वाजवल्या. माणूस वाजवणारच.

तिनं वळून माझ्याकडं असं बघितलं, जसं अंगणात घाण करणाऱ्या कुत्र्याकडं बघावं. आणि बोट समोर केलं. तिच्या तोंडातून निघालेली शेवटची वाफ अजून हवेत होती. ती विरली, मग म्हणाली, "आता संपलं."

ही आमची ओळख. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, दोघांचं मिळून एखादं वाक्य व्हायचं. पण मोडक्या भाषेत खोटं बोलता येत नाही, त्यामुळं आमचं बरं जमलं. ती मला चौगुले-सान म्हणायची, मी तिला बाई.

ती जपानच्या निगाता भागातली. तिकडं बर्फात घरं पुरली जातात म्हणे. लहान असताना बापानं तिला एका आंधळ्या गाणारणीच्या हवाली केली. त्या भागात आंधळ्या बायका गावोगाव चालत जायच्या, दारोदार गायच्या; गुरुबाई त्यांतली. ऐन थंडीत पहाटे मुलींना नदीवर उभं करायची आणि आवाज फाटेस्तोवर गायला लावायची. आवाज फाटला की त्याच्याखालून दुसरा येतो, तो खरा, असा त्यांचा हिशोब. गुरुबाईला दिसत नव्हतं, म्हणून ती पोरीच्या तोंडासमोर तळवा धरायची. वाफ तळव्यावर सारखी लागली पाहिजे. मध्येच थांबली, धक्के बसले, तर श्वास कच्चा. मग गाणं पहिल्यापासून.

हे मला कळलं. आम्ही धाग्याला तार म्हणतो. माझा जन्म तार कुठं तुटते ते बघण्यात गेला. बाईची वाफ थंडीत दिसायची, चातीवरच्या सुतासारखी बारीक निघायची. मी समोरच्या बाकावर बसायचो आणि ती तुटली की बोट वर करायचो. हे काम तिनं मला सांगितलं नाही, मी मागितलंही नाही. एकदा बोट वर गेलं, तिनं डोळे वटारले आणि पहिल्यापासून सुरू केलं. तेव्हापासून मी कामावर.

एकदा मी म्हटलं, बाई, आमच्यात तुटलेल्या तारेला गाठ मारतात आणि माग पुढं चालू करतात. एका गाठीसाठी कुणी सगळं कापड उसवत नाही.

"कापडाला गाठ दिसते का?"

"नीट बघितलं तर दिसते."

"मग मी कापड विणत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून.

हट्टी बाई. मीही कमी नाही, पण तिच्यापुढं मी पाणी भरावं. घरात हीटर लावायची नाही, गळा सुकतो म्हणून. मी दुपारी जायचो तेव्हा कोट घालून बसायचो. मिरची चालायची नाही. मी दिलेली शेंगदाण्याची चटणी तिनं दोन हातांनी घेतली, वाकून नमस्कार केला आणि माझ्यादेखत कपाटात वर ठेवून दिली. तिच्या मुळ्याच्या लोणच्याचा वास आमच्या सुनेला सहन व्हायचा नाही. परसात पर्सिमनचं झाड होतं, टोमॅटोसारखी दिसणारी गोड फळं. ती मोजकी आणून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी खाल्ली का म्हणून विचारायला यायची.

दुपारी ती मला गाणारणी ऐकवायची. तिच्या देशातल्या नावाजलेल्या बायका, काही कॅसेटवर, काही कॉम्प्युटरवर. स्पीकरवर हात ठेवायला लावायची, म्हणजे माझ्यापर्यंत पोचावं. एक होती, खालच्या पट्टीत गायची, जड. तिला बाई मान खाली घालून ऐकायची. दुसरीचा आवाज असा फिरायचा की एका सुरात चार वळणं. मी वा म्हटलं. बाई म्हणाली, फिरवते चांगलं, पण फिरवते हे आपल्याला कळतं. तिसरी तरुण, झगमगीत कपड्यातली, लाखो लोक जिच्यासाठी रडतात. तिच्यावर एकच वाक्य, "ही चेहऱ्यानं गाते." मग मी विचारलं, तुम्ही कशानं गात होता? ती म्हणाली, भुकेनं.

गरम पाण्याच्या कुंडांपाशी तिकडं मोठमोठी उतरायची घरं असतात, तिथल्या स्टेजवर तिनं तरुणपण काढलं. तिचा लांब श्वास ऐकायला माणसं मुद्दाम यायची. त्यांतच एक आला बॅरी, इकडचा, दूध काढायची यंत्रं विकायला गेलेला. तो हिला लग्न करून घेऊन आला. बॅरी भला माणूस, पण ती गायला लागली की शीळ घालून साथ करायचा. असं किती वर्षं चाललं असेल ते देव जाणे. तो वारला तेव्हा, ती म्हणाली, घर फार शांत झालं आणि पहिल्यांदा नीट रियाज झाला. हे ती हसून म्हणाली नाही. रडूनही नाही. मुलगी नाओमी टौरंगाला, किवीफळांच्या कंपनीत. ती आईला मम्मी न म्हणता हिसाको म्हणायची.

एकदा कुणी तरी कौन्सिलकडं तक्रार केली की सकाळी नदीवर आरडाओरडा चालतो. कुणी केली त्याचा मला अंदाज आहे, आपल्यातलाच आहे, लिहीत नाही. कौन्सिलचा माणूस आला, धिप्पाड माओरी गडी, हातात आवाज मोजायचं यंत्र. बाई गातच राहिली. तो उभा राहिला. यंत्र कधी खाली गेलं त्याचं त्यालाच कळलं नाही. गाणं संपलं, मी म्हटलं, आता हा टाळ्या वाजवणार आणि शिव्या खाणार. तो थांबला. वाफ विरेपर्यंत थांबला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग हलकेच "किया ओरा" म्हणाला, तो त्यांचा नमस्कार, आणि मला सांगून गेला की इथं आवाज काही नाही, नदी आहे फक्त. बाईनं त्याला कमरेतून वाकून नमस्कार केला. इतकी खाली वाकलेली मी तिला परत एकदाच बघितली, ते पुढं येईल.

त्याच वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. काढावी लागणार होती. डॉक्टरनं आधीच सांगितलं की आवाजाची नस गाठीला चिकटली आहे, आवाज राहील याचा भरवसा नाही. बाई मला म्हणाली तेव्हा हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हणाली. मग म्हणाली, एक गाणं राहिलं आहे.

गाणं गुरुबाईचं. गुरुबाई तिच्याकडून ते तिथंच नदीवर घोटून घ्यायची, पण लोकांसमोर गाऊ द्यायची नाही. अजून कच्चं आहे म्हणायची. पुढं गुरुबाई मेली, ही इकडं आली. गाण्यात एक आंधळी बर्फातून चालत एका बंद दारापाशी येते आणि म्हणते, मला आत घेऊ नका, तिथूनच ऐका. तिथं श्वास न तोडता आवाज वर चढतो आणि वर राहतो. ते गाणं माणसांसमोर, एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत गायचं होतं. आवाज जायच्या आत. इथल्या जपानी लोकांशी तिचं जुनं भांडण. मग माणसं आणायची कुठून?

माणसं आमच्याकडं होती. संदीप मराठी मंडळाच्या कमिटीत, गणपतीचा कार्यक्रम जवळ आलेला. मी त्याला सांगितलं. तो खूश झाला, पण भलत्याच गोष्टीवर. म्हणाला, "आप्पा, जपानी बाई मराठी गाणं म्हणणार? व्हायरल जाईल."

मी म्हटलं, मराठी नव्हे, तिचं.

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं: दोन गाणी. आधी आपलं एक, सगळ्यांना पाठ असलेलं भक्तिगीत. मग तिचं, पूर्ण. मी त्याला शब्द द्यायला लावला.

"डन आप्पा. स्वीट अ‍ॅज."

हे स्वीट अ‍ॅज म्हणजे इथलं 'चालतंय की'. शब्द म्हणजे काय ते त्यात येत नाही.

मराठी गाणं मी शिकवलं. बाई प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायची. कुठल्या शब्दावर वजन द्यायचं? मी म्हटलं, आम्ही लहानपणापासून म्हणतो, वजन कुणी बघितलंय. मग तिनंच वजन शोधलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गाण्यात देवाकडं काही मागितलं आहे असं मला वाटलं.

तिनं एकच अट घातली होती. ऐकणाऱ्यांचं जेवण आधी झालेलं असावं. तिच्याकडं तसंच असतं, गाणाऱ्याचं पोट रिकामं, ऐकणाऱ्याचं भरलेलं. मी संदीपला सांगितलं.

"आप्पा, आधी जेवण दिलं तर अर्धा हॉल डबे भरून घरी जाईल. लोक लांबून ड्राइव्ह करून येतात."

मी विचारलं, मग ते येतात कशाला? तो म्हणाला, तुम्हाला नाही कळणार.

एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. बाई स्वतःचा राखाडी किमोनो घालून आली. सूत्रसंचालन करणारी मेघना, पुण्याची, कॉम्प्युटरमधली, धावत आली. "अय्या, आजी किती क्यूट!" म्हणाली आणि तिच्या खांद्यावर शेला टाकला, कपाळाला चंद्रकोर लावली आणि नाकाला चापाची नथ. बाईचा सगळा कारभार नाकानं घेतलेल्या श्वासावर. नाकपुडी दाबली गेली. तिनं नथेला हात लावला तर मेघना म्हणाली, "नो नो, फोटोसाठी." मी म्हटलं, काढा ती, तिला श्वास घ्यायचा आहे. मेघना हसून म्हणाली, "काका, टू मिनिट्स." आपली माणसं. पाहुण्याला सजवल्याशिवाय त्यांना पाहुणा दिसत नाही.

बाई नथ घालून मराठी गाणं गायली. पहिल्या ओळीलाच शिट्ट्या. सगळे फोन वर. एकाचंही तोंड दिसेना, नुसते फोन. लोक सोबत गायला लागले, टाळ्यांचा ठेका धरला. संपलं तर वन्स मोअर. बाईनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं ही रीत असेल. पुन्हा गायली. मी संदीपला खूण केली, आता दुसरं. त्यानं घड्याळाकडं बोट केलं.

मग सत्कार. शाल आणि नारळ. आपल्यात हातात नारळ आला की कलाकारानं समजून घ्यायचं, उतरायचं. तिला कोण सांगणार? तिनं नारळ दोन हातांनी घेतला, वाकली, आणि स्टेजवर पायाशी नीट ठेवला. शाल घडी करून त्याच्या शेजारी. नथ काढून शालीवर. तळवा तोंडासमोर धरला आणि गुरुबाईचं गाणं सुरू केलं.

मेघनानं माइक बंद केला नाही, स्वतः घेतला. "थँक यू आजी! सो, जेवण तयार आहे, डावीकडून रांग करा, लहान मुलं आधी."

खुर्च्या सरकल्या. माझ्यासारख्या बहिऱ्यालाही तो आवाज आला. पण त्याच्या वर बाईचा आवाज होता, माइकशिवाय. मी उठून ओरडलो, "खाली बसा. गाणं चालू आहे." लोकांनी प्रेमानं बघितलं. आजोबा, या, तुम्ही आधी घ्या. संदीपनं दंड धरला, "आप्पा, प्लीज. सीन नको."

ती आंधळी दारापाशी आली होती. श्वास वर चढायला लागला होता. तेवढ्यात एक गृहस्थ, हातात पुरी-श्रीखंडाची प्लेट, स्टेजवर चढला, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि सेल्फीसाठी फोन वर धरला.

तार तुटली. मी बोट वर केलं नाही, गरजही नव्हती. बाई थांबली. फोटोवाला "थँक्स हं" म्हणाला आणि उतरला. ती त्या रांगेला कमरेतून वाकली, कौन्सिलच्या माणसाला वाकली होती तितकी, आणि नारळ उचलून खाली आली.

घरी जाताना गाडीत तिनं विचारलं, हे फळ कशाचं? मी म्हटलं, मानाचं. कधी देतात? काम झालं की.

"मग चूक माझी," ती म्हणाली. "संपल्यावर गायला लागले."

पुढं संदीप काहीतरी बोलत होता. मी मशीन काढून खिशात टाकलं.

ऑपरेशनच्या आधीच्या सकाळी ती नदीवर आली, मी बाकावर होतोच. दारापर्यंत यायची आणि तिथंच तुटायची. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच. आधी त्या जागी ती कधी तुटली नव्हती. मी म्हटलं, बाई, आज एक गाठ मारा, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, "तुम्हाला कळेल." मग नाओमी गाडी घेऊन आली.

आवाज गेला. डॉक्टरनं सांगितलं होतं तसाच. बोलताना पाला वाजावा तसं वाजायचं. आणि इकडं व्हिडिओ फिरत होता. कोपऱ्यावरच्या डेअरीतला, इथं किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, गुजराती दुकानदार तिला बघितली की फोन दाखवायचा, गाओ ना माजी. आमच्या समोर एक कुटुंब नवीन आलं, त्यांनी मुलीला तिच्या दारात पाठवलं, से हॅलो टू द सिंगिंग आजी. बाई दार उघडायची, वाकायची आणि बंद करायची.

मी संदीपला विचारलं, तू शब्द दिला होतास. तो म्हणाला, "आप्पा, लोकांनी प्रेमच केलं ना तिच्यावर? जगभर पोचली ती." मी म्हटलं, प्रेम केलं. ऐकलं कुणी? त्यावर सून म्हणाली की आप्पांना हल्ली सगळ्याचं वाईट दिसतं. असेल. मंडळात मी परत गेलो नाही, जाणारही नाही.

पुढच्या थंडीत तिच्या फाटकावर घर विकायची पाटी लागली. नाओमी तिला टौरंगाला नेणार होती. निघायच्या आदल्या सकाळी मी नदीवर गेलो, धुकं होतं. पायऱ्यांवर ती उभी होती. तेच मोजे, त्याच जँडल्स. तळवा तोंडासमोर.

आवाज नव्हता. ओठ हलत होते आणि वाफ निघत होती. मी बाकावर बसलो. शब्द मला येत नाहीत, पण वाफ येते. आंधळी बर्फातून चालली, दारापाशी आली. वाफ वर चढली, वर राहिली, आणि हॉलमध्ये तुटली होती त्या जागेवरून पलीकडं गेली. मी श्वास धरून बसलो. अगदी शेवटच्या ओळीला, हात पोचेल इतकं कापड राहिलं असताना, ती तुटली. केसाएवढी.

संदीप असता तर म्हणाला असता, आप्पा, आता तरी तिला छान म्हणायचं. खोटं बोलायला मी कमिटीत नाही. मी बोट वर केलं.

बाईनं डोळे वटारले. पाण्याकडं तोंड केलं, नाकानं श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं.